बाळ पेटीत कधी ठेवायचं, हे कोण ठरवणार?

बाळंतपण सुखरूप पार पडलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि बाळंतीण मागे पडते. बाळाला पहिल्यांदा काय चाटवायचं, आईनं काय खायचं, कोणत्या खोलीत निजायचं, बाहेरच्यांना बाळ दाखवायचं की नाही, हे सगळं इतर माणसं ठरवतात. बाळ पिवळं दिसायला लागलं तर दवाखान्यात न्यायचं की नाही, आणि नेल्यावर ते लाइटखाली, म्हणजे आपल्या बायका म्हणतात तसं ‘पेटीत’, ठेवायचं की नाही, हेही तिला कुणी विचारत नाही. या शेवटच्या निर्णयाबद्दल मला लिहायचं आहे.

जालना जिल्ह्यात महिला मंडळांबरोबर आणि आशाताईंबरोबर काम करताना नवजात बाळाच्या काविळीबद्दल दोन उलट तक्रारी मी सतत ऐकते. एक अशी : ‘बाळ पिवळं पडलं होतं, मी सांगत होते, पण घरच्यांनी पाचवी झाल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.’ दुसरी अशी : ‘बाळ चांगलं दूध पीत होतं, तरी चार दिवस पेटीत ठेवलं. मला बाहेर बसवलं. बिल भरायला गळ्यातलं गहाण ठेवलं.’

पहिल्या बाळाला उपचार मिळाला नाही, दुसऱ्याला कदाचित नको असताना मिळाला. पण दोन्ही बायकांना मी विचारते, ‘कावीळ किती होती? आकडा काय होता?’ दोघींनाही माहीत नसतं. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि विचारायचं असतं हेही त्यांना ठाऊक नसतं. निर्णय कशाच्या आधारावर झाला हे बाळाच्या आईलाच माहीत नाही, हा मला या प्रश्नाचा गाभा वाटतो. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांचा आहे असं मी मानत नाही. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकले आहे. तरी या बाबतीत जे छापील आणि सर्वमान्य आहे, ते गावातल्या कुठल्याही बाईला समजेल इतकं सोपं आहे. ते तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आधी कावीळ समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सतत मोडत असतात आणि नव्या तयार होत असतात. मोडलेल्या पेशींपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाचं यकृत ते रक्तातून काढून शौचावाटे बाहेर टाकतं. नवजात बाळात पेशी जास्त मोडतात आणि यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं. म्हणून द्रव्य साठतं आणि कातडी, डोळे पिवळे दिसतात. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहांना आणि दिवसांआधी जन्मलेल्या दहापैकी सुमारे आठांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. बहुतेकांची ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात वाढते आणि दोन आठवड्यांत आपोआप जाते. ही कावीळ मोठ्या माणसांच्या साथीच्या काविळीसारखी नाही. ती आईकडून ‘लागत’ नाही, आईनं पिवळं खाल्ल्यानं होत नाही आणि गळ्यात माळ घालून किंवा चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन उतरत नाही.

मात्र थोड्या बाळांत बिलिरुबिन इतकं वाढतं की ते मेंदूत शिरतं. बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही. मग किंचाळल्यासारखं रडतं, मान आणि पाठ धनुष्यासारखी मागे ताणतं. असं बाळ दगावू शकतं. वाचलं तर बहिरेपण येऊ शकतं, हातापायांच्या हालचालींवर आयुष्यभर ताबा राहत नाही. अशा मुलांना कडेवर घेऊन अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहते ती आईच. ‘हिनंच काहीतरी केलं असेल’ हे ऐकून घेते तीही आईच. आणि हे सगळं बहुतेक वेळा वेळेवरच्या निळ्या उजेडानं टळू शकलं असतं.

फोटोथेरपी म्हणजे हा निळा उजेड. तो कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो. बदललेलं द्रव्य पाण्यात विरघळतं आणि यकृताची वाट न पाहता पित्तातून व लघवीतून बाहेर पडतं. डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट आणि बाकी अंग उघडं, असं बाळाला उजेडात ठेवतात. त्यात वीज अंगातून जात नाही, ‘शेक’ देत नाहीत. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हा साधा आणि उत्तम उपचार आहे. प्रश्न आहे तो गरज कुणाला, हे ओळखण्याचा.

एकच आकडा, तीन बाळं

समजा तीन बाळांचं रक्त तपासलं आणि तिघांचंही बिलिरुबिन १२ आलं.

पहिलं बाळ जन्मून वीस तास झालेत. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी धरायची नसते. हे बाळ ताबडतोब लाइटखाली गेलं पाहिजे आणि कारण शोधलं पाहिजे. दुसरं बाळ दोन दिवसांचं आहे, पण आठव्या महिन्यात, ३४ आठवड्यांना जन्मलं आहे. त्यालाही लाइट हवा. तिसरं बाळ पूर्ण दिवसांचं, चौथ्या दिवसाचं, दूध चांगलं पिणारं, रक्तगटाचा काही घोटाळा नसलेलं. त्याला सहसा लाइटची गरज नाही. आईनं पाजत राहावं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णालयांसाठीच्या बालआरोग्य पुस्तिकेत (२०१३) हे सरळ लिहिलेलं आहे. पहिल्या दिवशी कावीळ नुसती दिसली तरी उपचार. त्यानंतर ३५ आठवडे किंवा जास्त दिवसांच्या निरोगी बाळासाठी दुसऱ्या दिवशी १५ आणि तिसऱ्या दिवसापासून १८ ही रेषा. बाळ ३५ आठवड्यांच्या आधीचं असेल किंवा दुसरा धोका असेल, तर दुसऱ्या दिवशी १० आणि तिसऱ्या दिवसापासून १५. हे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम बिलिरुबिन, याचे आहेत. रेषा ओलांडून आकडा आणखी बराच वर गेला, तर बाळाचं रक्त बदलावं लागतं.

मोठ्या रुग्णालयांत याहून बारीक तक्ते वापरतात. त्यात दिवस नाही, तर जन्मापासूनचे तास मोजतात. असा तासांचा तक्ता डॉ. विनोद भूतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला आणि पुढे जगभर तो वापरला गेला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि लाइट सुरू करण्याची रेषा थोडी वर नेली. म्हणजे पूर्वी जेवढ्या काविळीला लाइट लावत, तेवढ्याला आता काही बाळांत थांबून पाहता येतं, असं त्यांच्या अनुभवातून दिसलं. आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण पद्धत सगळीकडे तीच आहे. बाळाचं वय तासांत, पोटात किती आठवडे राहिलं, रक्तातला आकडा, आणि धोका वाढवणारी काही गोष्ट आहे का, या चार गोष्टी एकत्र पाहून ठरवायचं. ‘दिसतंय पिवळं, ठेवा आत’ किंवा ‘सगळ्यांनाच होते, जाईल’ ही दोन्ही उत्तरं या चार गोष्टी न पाहता दिलेली असतात.

डोळ्यांचा अंदाज

कावीळ आधी चेहऱ्यावर येते, मग छाती-पोटावर, शेवटी तळहात-तळपायांवर उतरते. तळवे पिवळे झाले तर धोका समजून तडक रुग्णालयात न्यायचं, हे आशाताईंना प्रशिक्षणात शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण नुसतं पाहून आकडा ओळखता येत नाही. भल्याभल्या डॉक्टरांचाही अंदाज चुकतो, सावळ्या कातडीवर तर फारच.

त्यात आपली बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या लावलेल्या, चाळीसचा बल्ब किंवा तेवढाही नाही. बाळाच्या अंगाला हळद-तेल, आईच्या अंगाला हळद, कपाळाला काजळ. अशा खोलीत पिवळेपण कुणाला दिसणार? दृष्ट लागेल म्हणून आशाताईलाही बाळ पुरतं उघडून दाखवत नाहीत. बाळाला रोज दिवसाच्या उजेडात, दाराशी आणून, हळद न लावता, उघडं करून पाहायचं. नाकावर किंवा छातीवर बोटानं हलकं दाबून सोडायचं आणि दाबलेली जागा कोणत्या रंगाची दिसते ते बघायचं. एवढं जरी आपण मंडळांतून रुजवलं तरी पुष्कळ होईल. पण ते संशय येण्यापुरतं. ठरवण्यासाठी तपासणीच हवी. रक्त न काढता कपाळावर किंवा छातीवर टेकवून अंदाज सांगणारं छोटं यंत्रही आता मिळतं. ते प्रसूती होणाऱ्या प्रत्येक आरोग्य केंद्रात का असू नये?

पाचवीची रात्र

आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. पाटा पुजतात, रात्रभर दिवा ठेवतात. आता हिशेब करून पाहा. सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं तर बाईला ४८ तास ठेवायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात घरचे त्याआधीच घाई करतात. म्हणजे बाई दुसऱ्या दिवशी घरी येते आणि कावीळ सगळ्यांत जास्त वाढायची वेळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत येते. नेमकं तेव्हाच बाळाला घराबाहेर काढायचं नसतं. बाळाचं नशीब त्या दिवसांत खरोखरच लिहिलं जात असतं. मी पाचवी पुजू नका असं म्हणत नाही. पाचवीच्या दिवशी बाळाची कावीळ तपासून आणा आणि संध्याकाळी पूजा करा, असं म्हणते. काही गावांत आजीबाईंनीच हे उचलून धरलं, कारण त्यांना ते पटलं.

२०११ पासून आशाताईंनी नवजात बाळाला घरी जाऊन भेटायचं ठरलं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या पद्धतीचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे १९९९ साली जगापुढे मांडलं. थोडं शिकलेली गावची बाई हे काम करू शकते, हे तिथं सिद्ध झालं. पण आमच्या भागात त्याला एक मोठं भगदाड आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. दिवस भरलेली बाईही कोयत्याबरोबर जाते आणि बाळ कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मतं. तिची नोंद गावच्या आशाताईकडे असते आणि बाळ शंभर-दोनशे किलोमीटरवर असतं. तिथल्या आशाताईच्या यादीत ते नसतं. तिसऱ्या दिवशी त्याला कोण पाहणार?

आईचं दूध आणि आईचा दोष

काविळीचं खापर आईच्या दुधावर फोडणं फार सोपं आहे. ‘हिचं दूध बाधलं, बंद करा’ असं घरचेही म्हणतात आणि काही दवाखान्यांतूनही सांगितलं जातं. खरं पाहता पहिल्या आठवड्यात दूध कमी मिळालं तर कावीळ वाढते. बाळाची काळी शी लवकर बाहेर पडली नाही, तर तिच्यातलं बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात जातं. चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा, तीन दिवस गुळाचं पाणी किंवा मध चाटवायचा आणि मग कावीळ झाली की आईच्या दुधाला दोष द्यायचा, हा उलटा न्याय झाला. जन्मल्यापासून तासाभरात पाजायला घ्यायचं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. लाइटखाली असतानाही आईचं दूध चालूच ठेवायचं. वरून पाणी किंवा ग्लुकोज पाजून कावीळ उतरत नाही. आणि पाजायचं असेल तर बाईला पोटभर जेवायला मिळालं पाहिजे, हेही मी इथंच सांगते. बाळंतिणीला पाच दिवस पातळ भातावर ठेवणाऱ्या घरानं तिच्या दुधाबद्दल बोलू नये.

घरातल्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. बाळाला पहिल्यांदा नवे कपडे घालत नाहीत. थोरल्या भावंडांची मऊ झालेली झबली-टोपडी पेटीतून काढतात. त्या पेटीत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तपेशींत जन्मतःच जी६पीडी नावाचं एक द्रव्य कमी असतं. डांबरगोळीच्या वासानं आणि स्पर्शानं अशा बाळांच्या पेशी झपाट्यानं फुटतात आणि कावीळ भडकते. कपडे जुनेच वापरा, पण त्यांत डांबरगोळ्या ठेवू नका.

उन्हाचं काय?

‘कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला सगळीकडे देतात. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचा कक्ष सांभाळत. ताजी हवा आणि ऊन बाळांना चांगलं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात एका बाळाच्या अंगावर त्यांना गडद पिवळा तिकोनी पट्टा दिसला. बाकी अंगाचं पिवळेपण फिकं झालं होतं. चादरीचं टोक जिथं होतं तिथंच रंग टिकला होता. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही कमी भरलं. त्यातून दिवे लावून उपचार करण्याचं यंत्र तयार झालं आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यावर लेख आला. लेखकांच्या यादीत सिस्टर वॉर्ड यांचं नाव नाही. रोज बाळ हाताळणाऱ्या बाईनं जे पाहिलं त्यावर पुढे सगळा उपचार उभा राहिला, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

मात्र म्हणून उन्हावर विसंबता येत नाही. उन्हातून किती उजेड मिळाला हे मोजता येत नाही. उघड्या अंगानं थंडीत बाळ गारठतं, आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भाजतं आणि सुकतं. रेषेच्या वर गेलेल्या बाळाला ऊन दाखवत दोन दिवस घालवणं म्हणजे तेच दोन दिवस मेंदूला धोक्यात घालणं. दवाखान्यातलं यंत्रही नुसतं चालू असून भागत नाही. नळ्या जुन्या झाल्या, बाळ दिव्यापासून फार लांब ठेवलं, तर निळा रंग दिसतो पण उपचार पुरेसा होत नाही. उजेडाची ताकद मोजायचं यंत्र असतं. ते शेवटचं कधी लावलं होतं, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारायला काहीच हरकत नाही.

मुलगी असेल तर

जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात अतिदक्षता कक्षांच्या देशभरच्या नोंदींत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी असते. मुली कमी आजारी पडतात म्हणून एवढा फरक पडेल, असं कुणी म्हणू शकत नाही. मुलगा पिवळा दिसला तर रात्री जीप काढतात. मुलगी पिवळी दिसली तर ‘बघू सकाळी’. मुलीला दाखल केलं तरी ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून सही करून लवकर काढतात, आणि ती सही आईची नसते. तक्त्यामध्ये मुलासाठी वेगळी आणि मुलीसाठी वेगळी रेषा नाही. १०, १५, १८ हे आकडे दोघांना सारखेच लागू आहेत. घरातली रेषा मात्र वेगळी असते.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात किंवा गर्भपातात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याविरुद्ध द्रव्यं तयार करतं. पहिल्या खेपेला सहसा काही होत नाही. पुढच्या बाळाच्या पेशी मात्र ही द्रव्यं पोटातच मोडायला लागतात. ते बाळ पहिल्याच दिवशी पिवळं होतं आणि काविळीच्या सर्वांत भयंकर प्रकाराला बळी पडू शकतं. हे टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. पॉझिटिव्ह बाळ जन्मल्यावर किंवा गर्भपात झाल्यावर ७२ तासांच्या आत ते द्यायचं असतं.

महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ साली देशाचा कायदा आला. तरी चोरून तपासण्या आणि चोरून गर्भपात थांबलेले नाहीत. चोरून केलेल्या गर्भपाताची नोंद नसते, रक्तगट पाहत नाहीत, अँटी-डी कोण देणार? मुलाच्या हट्टापायी निगेटिव्ह गटाच्या बाईची एकेक गर्भधारणा वाया घालवतात. मग जो मुलगा हवा म्हणून हे सगळं केलं, त्याच्याच मेंदूला जन्मानंतर काविळीनं इजा होऊ शकते. तेव्हाही ‘हिच्या रक्तात दोष आहे’ असंच म्हणतात. दोष तिच्या रक्तात नाही. तिला वेळेवर इंजेक्शन दिलं नाही, एवढंच झालं आहे.

पेटीबाहेरची आई

ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याला लाइटखाली ठेवलंच पाहिजे. पण म्हणून आईला दूर का करायचं? बाळ आत आणि टाके घातलेली आई व्हरांड्यात फरशीवर, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. काविळीशिवाय दुसरा आजार नसेल तर लाइटचं यंत्र आईच्या खाटेजवळही लावता येतं. पाजण्यासाठी बाळाला थोडा वेळ बाहेर काढलं तरी उपचार वाया जात नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं २०१७ मध्ये अशा कक्षांत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या सूचना काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मध्ये दिवसांआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांची आईपासून ताटातूट करू नये, असं सांगितलं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. तेव्हापासून अग्निसुरक्षेबद्दल बोललं जातं, ते आवश्यकच आहे. पण बाळाजवळ त्याचं स्वतःचं माणूस असण्याबद्दलही बोललं पाहिजे.

पैशांबद्दल सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात औषध, तपासणी, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. आधी ही सोय तीस दिवसांपर्यंत होती, २०१४ मध्ये ती वर्षापर्यंत वाढवली. जालन्यात जिल्हा स्त्री रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष आहे. त्यापुढची गरज लागली तर संभाजीनगरची घाटी आहे. तरी बायका खासगीत जातात, कारण जवळच्या सरकारी केंद्रात तपासणीच होत नाही आणि जालन्याला जायचं तर कुणीतरी पुरुष सोबत हवा. खासगीत सगळेच लुबाडतात असं मी म्हणणार नाही. प्रामाणिक बालरोगतज्ज्ञ आमच्या भागात आहेत आणि त्यांनीच मला हे तक्ते समजावले. पण जिथं रोजाच्या हिशेबानं पेटीचं भाडं मिळतं आणि आकडा आईला सांगावा लागत नाही, तिथं रेषा खाली सरकण्याचा मोह राहणारच. त्यावर उपाय म्हणजे आकडा कागदावर मागणं.

आपण काय मागायचं?

मैत्रिणींनो, आपल्या मंडळांच्या बैठकांत, ग्राम आरोग्य समितीत, रुग्ण कल्याण समितीत पुढच्या गोष्टी मांडाव्यात असं मला वाटतं.

१. दवाखान्यातून सोडताना कार्डावर जन्माची तारीख तर असतेच, सोबत जन्माची वेळ, किती आठवड्यांना जन्म झाला ते, आणि आईचा व बाळाचा रक्तगट लिहिलाच पाहिजे. वेळ लिहिली नसेल तर तास कोण मोजणार?

२. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत प्रत्येक बाळाची काविळीसाठी तपासणी. जिथं प्रसूती होते तिथं बिलिरुबिन मोजायची सोय.

३. लाइट सुरू करताना आणि बंद करताना आकडा आईला सांगणं आणि लिहून देणं. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे. लाइटखाली कातडीचा रंग फसवा होतो, म्हणून बंद करण्याचा निर्णयही पाहून नव्हे, मोजूनच.

४. निगेटिव्ह गटाच्या प्रत्येक बाईची यादी उपकेंद्रात, आणि बाळंतपणाच्या व गर्भपाताच्या ठिकाणी अँटी-डी हाताशी.

५. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईचं कार्ड तिच्याबरोबर, आणि तिची माहिती कारखान्याच्या भागातल्या आशाताईला आधीच कळवणं.

६. नवजात कक्षात आईला जागा, जेवण आणि बाळाजवळ बसण्याचा हक्क. सोडण्याच्या कागदावर आईच्या संमतीशिवाय कुणाची सही चालणार नाही.

आणि प्रत्येक बाळंतिणीला, तिच्या आईला आणि सासूलाही एवढं पाठ असू द्या. पहिल्या दिवशी पिवळं, तळहात-तळपाय पिवळे, पिवळं असून सुस्त किंवा दूध ओढत नाही, यांतलं काहीही दिसलं की वाट न बघता १०८ किंवा १०२ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. चौदा दिवसांनंतरही पिवळेपण राहिलं किंवा शी पांढुरकी होत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याला लाइटचा उपयोग नाही आणि तिथंही उशीर करायचा नाही.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न चारच आहेत : बाळाला किती तास झाले? किती आठवड्यांचं आहे? आकडा किती आला? या बाळासाठी रेषा कुठे आहे? हे चार प्रश्न विचारणाऱ्या बाईला बावळट समजून गप्प बसवणं अवघड जातं. पुढच्या बैठकीत ते फळ्यावर लिहा आणि ज्या घरात दिवस भरत आले आहेत, त्या घरी जाऊन सांगा.